लोणारचं विवर, लवणासुर आणि अणुबॉम्बचा फॉरवर्ड

राजेहो, तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. लोणार सरोवराचा वरून काढलेला फोटो आणि खाली लांबलचक मजकूर. मुंबईजवळच्या या विवरात उल्केचा एक तुकडाही सापडलेला नाही, हा खड्डा महाभारतकाळातल्या अणुअस्त्राने पडला, मोहेंजोदडोही तसंच बेचिराख झालं, आणि शास्त्रज्ञ हे आपल्यापासून लपवतात. शेवटी नेहमीप्रमाणे, अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा.

'मुंबईजवळ' हा शब्द वाचूनच आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हसू यायला पाहिजे. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये कंबर मोडून घ्या, तेव्हा कुठे सकाळी दादर येतं. पण त्या एका शब्दावरूनच या मजकुराचं मूळ गाव कळतं. तो आपल्याकडे लिहिलेलाच नाही. प्राचीन अणुयुद्धाच्या गोष्टी विकणाऱ्या परदेशी पुस्तकांतून तो इंटरनेटवर आला आणि तिथून भाषांतर होऊन आपल्या ग्रुपवर. लिहिणाऱ्याला भारताच्या नकाशावर मुंबई तेवढी ओळखीची असावी. आता तोच माल आपण पूर्वजांचा अभिमान म्हणून वाटतोय.

हसून सोडून दिलं असतं. पण हल्ली विवराच्या काठावर उभे राहून पर्यटक एकमेकांना हेच सांगतात, पोरं प्रकल्पाच्या वहीत हेच उतरवतात. आणि आमच्या धंद्याचं काय सांगावं! लोणारमध्ये झाला होता अणुस्फोट? असं एक प्रश्नचिन्ह लावलं की बातमी तयार. प्रश्नचिन्ह हे पत्रकारितेतलं सगळ्यात स्वस्त भांडवल. त्याला पुरावा लागत नाही, आणि अंगाशी आलं तर आम्ही फक्त विचारलं म्हणायची सोय. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी आपली गोष्ट.

लवणासुर नावाचा दैत्य होता. जमिनीखालच्या विवरात लपून राहायचा आणि लोकांना छळायचा. लोक विष्णूला शरण गेले. विष्णूने देखण्या तरुणाचं रूप घेतलं, दैत्याच्या बहिणींकडून त्याच्या लपण्याचा पत्ता काढला, पायाच्या अंगठ्याने विवरावरचं झाकण उडवून दिलं आणि दैत्याला मारलं. झाकण दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली. तळ्यातलं पाणी म्हणजे दैत्याचं रक्त आणि त्यातले क्षार म्हणजे त्याचं मांस. लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर याच विष्णूचं.

या गोष्टीत एक बारकावा आहे, तो फॉरवर्डवाल्यांनी कधी पाहिलाच नाही. या गोष्टीत आकाशातून काहीच पडत नाही. आगीचा गोळा नाही, डोळे दिपवणारा प्रकाश नाही, कडकडाट नाही, जळालेलं रान नाही. गोष्टीत आहे ते एवढंच: एक गोल खड्डा, कुठे तरी उडालेलं झाकण आणि खारं पाणी. म्हणजे आजही काठावर उभं राहिल्यावर जे दिसतं आणि जिभेला लागतं, तेच. गोष्ट रचणाऱ्यांनी स्फोट पाहिला नव्हता. त्यांनी खड्डा पाहिला होता. सपाट माळावर एवढा गोल खड्डा कसा, आजूबाजूला गोडं पाणी असताना याचंच पाणी खारट का, या प्रश्नांना त्यांनी आपल्या परीने उत्तर दिलं. मला तरी ते उत्तर फार सुंदर वाटतं. त्याला अणुबॉम्बची कुबडी लावली की गोष्टही मरते आणि विज्ञानही.

आता विज्ञानाने काय केलं ते बघा.

सरोवराची माहिती जुनीच. 'ऐन-ए-अकबरी'तही त्याचा उल्लेख आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं बहुतेक भूशास्त्रज्ञ याला ज्वालामुखीचं विवर समजत होते. त्यात नवल नाही. आपल्या पायाखालचा सगळा काळा दगडच ज्वालामुखीचा, दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट. त्यात खड्डा दिसला तर आधी ज्वालामुखीच आठवणार.

निकाल लागला तो बोअर घेऊन. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी विवराच्या तळात बोअर घेतले आणि १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. खालच्या दगडात त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार नावाचं खनिज असतं. प्रचंड दाबाचा धक्का बसला की हे खनिज वितळण्याआधीच काचेसारखं होतं, त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखी असा दाब देऊ शकत नाही. तिथे उष्णता भरपूर, पण असा एका क्षणाचा घणाघात नाही. राहिला प्रश्न उल्केच्या तुकड्याचा. एवढ्या वेगाने आदळणारा दगड स्वतःच वितळून, वाफ होऊन जातो. मागे राहतात ते त्याचे सूक्ष्म अंश, आणि विवराबाहेर सापडलेल्या बारीक काचगोळ्यांत असे अंश पुढे मिळालेही. तुकडा सापडला नाही म्हणून उल्का नव्हती, हे म्हणजे गोळी सापडली नाही म्हणून बंदूक उडालीच नाही म्हणण्यासारखं.

इथे एखादा हुशार वाचक म्हणेल, भाऊ, असा दाब तर अणुचाचणीतही तयार होतो. बरोबर आहे. अणुचाचण्यांच्या खड्ड्यांतही धक्का बसलेली खनिजं सापडतात, आणि उल्का-विवरं ओळखायला शास्त्रज्ञांना त्या खड्ड्यांची मदतच झाली. मग आकार बघू. अमेरिकेने १९६२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात 'सेडान' नावाची चाचणी केली, जमिनीखाली १०४ किलोटनचा स्फोट. खड्डा पडला सुमारे ३९० मीटर रुंद. आपलं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, तेही कठीण बेसॉल्टमध्ये. आणि सेडानचा बॉम्ब मुद्दाम खोल पुरून उडवला होता. आकाशातून सोडलेल्या अस्त्राने लोणार पडायचं तर ते अस्त्र केवढं लागेल, याचा हिशेब फॉरवर्ड लिहिणाऱ्याने कधी केलेला नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, वय.

लोणारच्या वयावर शास्त्रज्ञांत खरोखरच मतभेद आहेत. स्फोटात तापलेल्या दगडातून मिळणारा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने १९९७ मध्ये वय आलं सुमारे ५२ हजार वर्षं, सहा हजार इकडेतिकडे. नंतर २०११ मध्ये वितळलेल्या दगडातला आर्गॉन वायू मोजून वय आलं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. म्हणजे दहापटीहून जास्त फरक! फॉरवर्डवाले म्हणतील, बघा, त्यांनाच माहीत नाही. पण यातलं कुठलंही वय घ्या, महाभारताशी मेळ बसत नाही. परंपरा युद्ध सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं मानते. पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी 'स्वयंभू'मध्ये ते इसवीसनापूर्वी ५५६१ पर्यंत मागे नेलं. इतिहासकार हे मानत नाहीत, पण घटकाभर मानू. तरी झाली साडेसात हजार वर्षं. लोणारचं कमीत कमी वयही त्याच्या सहा-सात पट. आणि दुसरं वय खरं असेल तर त्या वेळी आपल्या जातीचा माणूसच पृथ्वीवर नव्हता. आपली जात सुमारे तीन लाख वर्षांची.

वादात मतभेद असणं वाईट नाही. मतभेद कशाने मिटवायचे, हे ठरलेलं असणं महत्त्वाचं. तिथे दगड मोजून मिटवतात. इथे अभिमान मोजून.

हा आजार फक्त आपल्याकडचा आहे असंही समजू नका.

१९५० मध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड्स इन कोलिजन' नावाचं पुस्तक आलं आणि धो धो खपलं. लेखक इमॅन्युएल वेलिकोव्स्की, शिक्षणाने डॉक्टर, व्यवसायाने मनोविश्लेषक. त्यांचं म्हणणं असं की शुक्र हा मुळात गुरू ग्रहातून धूमकेतूसारखा बाहेर फेकला गेला, इसवीसनापूर्वी सुमारे १५०० मध्ये पृथ्वीच्या अगदी जवळून गेला, आणि बायबलमध्ये मोझेसच्या काळातली जी संकटं सांगितली आहेत ती त्यानेच आली. पुढे इसवीसनापूर्वी आठव्या-सातव्या शतकात मंगळानेही असाच गोंधळ घातला. पुरावा काय? जगभरच्या पुराणकथा. सगळ्या लोकांकडे प्रलयाच्या, आकाशातल्या युद्धाच्या गोष्टी आहेत ना, मग ते घडलंच असणार.

खगोलशास्त्रज्ञ खवळले. इतके खवळले की त्यांच्या दबावाने मॅकमिलन या प्रकाशन संस्थेने तडाखेबंद खपणारं पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे सोपवून टाकलं. ही शास्त्रज्ञांची चूकच होती, असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तकाला उत्तर पुस्तकाने द्यायचं, छापखान्याला दम देऊन नाही. त्या दबावामुळे वेलिकोव्स्की हुतात्मा झाले आणि सत्य दडपलं जातंय म्हणणाऱ्यांना कायमचा दाखला मिळाला. आपल्या फॉरवर्डमधलं 'शास्त्रज्ञ लपवतात' हे वाक्य त्याच घराण्यातलं.

पण दडपशाही झाली म्हणून म्हणणं खरं ठरत नाही. बॅबिलोनच्या अम्मिसदुका राजाच्या काळातल्या शुक्राच्या नोंदी मातीच्या विटेवर कोरलेल्या सापडल्या आहेत. शुक्र कधी पूर्वेला दिसला, कधी मावळला, पुन्हा पश्चिमेला कधी उगवला, अशा २१ वर्षांच्या नोंदी. हातात आहेत त्या नंतरच्या नकला, काही आकडे उतरवताना चुकलेत, पण शुक्राचं वागणं आजच्यासारखंच आहे. हा राजा इसवीसनापूर्वी सतराव्या शतकातला मानतात. म्हणजे वेलिकोव्स्कींचा शुक्र यायच्या आधीच बॅबिलोनचे लोक त्याची हजेरी घेत होते. वेलिकोव्स्कींनी या नोंदींचा काळच नाकारला. ठीक, मग ग्रीनलंडच्या बर्फाला विचारा. तिथे बर्फाचे थर वर्षावर्षाला साचतात, दूरदूरच्या ज्वालामुखींचं आम्लसुद्धा त्यांत सापडतं. सगळी पृथ्वी हादरवणाऱ्या प्रलयाची धूळ मात्र त्या काळाच्या थरांत नाही.

वेलिकोव्स्कींचे चाहते म्हणतात, शुक्र तापलेला असेल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. शुक्र तापलेला आहे, जवळजवळ ४६० अंश. पण तो तापला आहे त्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या जाड वातावरणामुळे, गुरूतून ताजा बाहेर पडला म्हणून नाही. उत्तर जुळलं तरी गणिताच्या सरांनी पायऱ्या तपासायच्या असतात.

आता कुणी म्हणेल, शास्त्रज्ञांना प्रलयाची कल्पनाच सहन होत नाही. तसं असतं तर डायनासोरची गोष्ट आज शाळेच्या पोराला माहीत नसती. लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांना इटलीतल्या एका मातीच्या थरात इरिडियम हा धातू भलताच जास्त सापडला. १९८० मध्ये त्यांनी म्हटलं, आकाशातून मोठा दगड आदळला आणि डायनासोर संपले. अनेकांनी उडवून लावलं. बाप-लेकांनी पुराणं काढली नाहीत. ठिकठिकाणी तोच थर शोधला गेला, आणि १९९१ मध्ये मेक्सिकोतलं सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर या घटनेशी जोडलं गेलं. गंमत म्हणजे या वादात दुसरा आरोपी आपणच आहोत. त्याच काळात आपल्या दख्खनच्या पठाराचा लाव्हा वाहत होता, आणि सजीवांच्या संहारात त्याचा वाटा किती, यावर आजही शास्त्रज्ञ भांडतात. भांडू देत. हे भांडण दगडावर चाललंय.

उलट उदाहरणंही ताजी आहेत. जॉर्डनमधलं ताल-अल-हम्माम हे प्राचीन शहर सुमारे ३६०० वर्षांपूर्वी आकाशातल्या स्फोटाने नष्ट झालं आणि बायबलमधली सदोमची गोष्ट बहुधा त्याचीच आठवण, असा शोधनिबंध २०२१ मध्ये आला. जगभर बातम्या झाल्या. मग त्यातल्या फोटोंत फेरफार असल्याचं लोकांनी दाखवून दिलं, पद्धतीवर आक्षेप आले, आणि २०२५ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी किती जणांनी वाचली? ग्रीनलंडच्या बर्फाखाली २०१८ मध्ये ३१ किलोमीटरचं विवर जाहीर झालं, तेव्हा १२ हजार ९०० वर्षांपूर्वी हिमयुगातल्या संस्कृती बुडवणारा प्रलय हाच, असं म्हणणाऱ्यांनी जल्लोष केला. २०२२ मध्ये वय मोजलं, निघालं ५ कोटी ८० लाख वर्षं. आणि मोहेंजोदडोबद्दल एवढंच, की तिथे चाळीसेक सांगाडे सापडले, तेही वेगवेगळ्या काळातले, आणि विटांच्या भिंती आजही माणसाच्या डोक्यावर उभ्या आहेत. अणुबॉम्ब पडलेल्या गावात असं नसतं.

मग पुराणांत, लोककथांत खरी आठवण नसतेच का? असू शकते. मध्य ऑस्ट्रेलियात हेनबरी नावाच्या ठिकाणी काही हजार वर्षांपूर्वी लोखंडी उल्का फुटून पडली. तिथले मूळ रहिवासी त्या खड्ड्यांतलं पाणी पीत नसत. अग्निदैत्य अंगात लोखंड भरेल, असं म्हणत. आकाश, आग आणि लोखंड, तिन्ही गोष्टी कथेत आहेत. खड्डे ताजे आहेत, लोखंड अजून तिथे सापडतं आणि माणसं तेव्हाही तिथेच राहत होती. इथे आठवण टिकली असण्याची शक्यता मी मानतो. लोणारला यातलं काहीच जुळत नाही. म्हणून कथा आणि खगोल जोडायचे तर तीन प्रश्न विचारावेत. घटना घडली तेव्हा तिथे माणसं होती का? घडण्याचा पुरावा कथेबाहेर, जमिनीत आहे का? आणि कथेत असं काही आहे का, जे नुसता खड्डा बघून सुचलं नसतं?

एवढा कीस का काढतोय? दोन कारणं.

पहिलं कारण खुद्द लोणार. बेसॉल्टमध्ये पडलेली एवढी नीट टिकलेली उल्का-विवरं जगात फार कमी. चंद्र-मंगळाचा बराच पृष्ठभाग बेसॉल्टचा, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ आपल्या जिल्ह्यात येतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हाही फॉरवर्ड आले, शाप, संकेत, काय काय. कारण निघालं खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी हे सरोवर रामसर स्थळ झालं. आणि दुसरीकडे गावाचं सांडपाणी, वेड्या बाभळीचं रान यासाठी लोकांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दरवाजे वाजवावे लागले. अणुअस्त्राच्या पोस्टला हजार लाइक. सांडपाण्याच्या बातमीला बारा. मग पुढाऱ्याने कशाला घाई करावी? ज्याचा अभिमान आहे म्हणतो, त्याच्यात गटाराचं पाणी गेलं तर राग यायला नको?

दुसरं कारण जास्त गंभीर. आकाशातून दगड पडतात, हे खरं आहे. २०२४ वायआर४ या लघुग्रहाची बातमी आठवते का? २०३२ मध्ये तो आदळण्याची शक्यता २०२५ च्या फेब्रुवारीत तीन टक्क्यांच्या थोडी वर गेली होती, आणि संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होते. आणखी निरीक्षणं झाली, शक्यता जवळजवळ शून्यावर आली. शास्त्रज्ञांनी भीतीही दडवली नाही आणि दिलासाही. पण उद्या खरा इशारा आला तर आपण विश्वास कुणावर ठेवणार? रोज सकाळी शास्त्रज्ञ लपवतात असं वाचणारा माणूस त्या दिवशी कुणाचं ऐकेल?

२०१३ च्या १५ फेब्रुवारीला रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात उल्का फुटली. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बरेचसे फुटलेल्या काचांनी. आधी प्रकाश आला, धक्का पोचायला दोनेक मिनिटं लागली. तेवढ्यात लोक काय झालं ते बघायला खिडकीशी गेले. एका शिक्षिकेने मात्र वर्गातल्या ४४ पोरांना बाकाखाली बसवलं. पोरांना ओरखडा नाही. बाईंना स्वतःला काच लागली. आकाशात लख्ख उजेड दिसला तर खिडकीपासून लांब व्हायचं, एवढं एक वाक्य आपल्या शाळांत शिकवलं तर ते हजार फॉरवर्डपेक्षा मोलाचं आहे.

लवणासुराची गोष्ट पोरांना जरूर सांगा. मीही सांगतो. आणि तिच्यानंतर मॅस्केलिनाइटचीही सांगा. एक आपल्या माणसांच्या कल्पनेची, दुसरी त्यांच्या मेहनतीची. दोन्ही आपल्याच.

तुमच्या आजी-आजोबांकडून लोणारची वेगळी गोष्ट ऐकली असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा, नीट जमवून ठेवू. पोस्ट पुढे पाठवायची तर पाठवा. दहा जणांनाच पाठवली पाहिजे असं काही नाही.